वयाचा बागुलबुवा

‘या वयात?’ हे दोन शब्द उच्चारायला काहीच खर्च येत नाही, म्हणूनच की काय, ते आपल्याकडे फार सढळ हाताने वाटले जातात. पन्नाशीच्या गृहिणीने पदवी परीक्षेचा अर्ज भरला, साठीच्या शेतकऱ्याने नवे पीक घेऊन पाहायचे ठरवले, विधुराने पुन्हा संसार मांडायचे मनात आणले, की हे दोन शब्द ओठांवर तयार असतात. बोलणारा शहाणा ठरतो, ऐकणारा वरमतो आणि मूळ प्रश्न आहे तेथेच राहतो. गेल्या पावसाळ्यात हे शब्द आम्हीही एकदा उच्चारले. त्याची आम्हाला लाज वाटते; हा लेख त्या लाजेपोटीच लिहिला आहे.

घडले ते असे. नव्याने गुरुदीक्षा झालेली असताना विदर्भातील एका वसतिगृहाची देखरेख आमच्याकडे होती. तेथे राहून शिकलेला भंडारा जिल्ह्यातील अड्याळचा एक मुलगा (मुलगा कसला, आता बेचाळीस वर्षांचा गृहस्थ) तीस वर्षांनी आम्हाला शोधत आला. अड्याळ म्हटले की पुष्कळांना ब्रह्मपुरी तालुक्यातील अड्याळ टेकडी आठवते. हे ते नव्हे. हे पवनी तालुक्यातले, भंडारा-पवनी रस्त्यावरचे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले मोठे गाव. आमचा हा विद्यार्थी एका पतसंस्थेत वसुलीचे काम करतो. घरी आई, पत्नी, अकरावीत विज्ञान शाखेला असलेली मुलगी आणि सातवीतला मुलगा. रस्त्याला लागून चार एकर धानाची जमीन. चहा अर्धा झाल्यावर त्याने पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका काढली आणि म्हणाला, “फादर, मला व्यावसायिक वैमानिक व्हायचं आहे. जमीन विकतो म्हणतो. तुमचा आशीर्वाद हवा.”

आम्ही म्हणालो, “या वयात?”

तो हसला नाही, रागावलाही नाही. पुस्तिका परत पिशवीत ठेवू लागला. तो हात पाहिला तेव्हा आपण काय केले ते आमच्या ध्यानी आले. इग्नेशियस लोयोला तिशी उलटल्यावर बार्सेलोनात लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकला, हे सेमिनरीत आम्हाला किती कौतुकाने शिकवले गेले! तेच आम्ही पुढे किती प्रवचनांतून सांगितले! संतांच्या उशिरा आलेल्या पाचारणाचे गोडवे गायचे आणि पतसंस्थेच्या कारकुनाला मात्र वय विचारायचे, हा कोठला न्याय? आम्ही ती पुस्तिका मागून घेतली आणि पुढचे काही महिने या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला. नंतर अड्याळलाही जाऊन आलो. त्यातून आमचे जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवतो. ते काहींना रुचणार नाही.

आधी वयाचाच हिशेब पुरता करून टाकू, कारण सगळे तेथेच अडतात. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय अठरा आहे. कमाल वयाची मर्यादा शिकण्यावर नाही. प्रवासी विमान चालवण्यावर आहे, आणि ती पासष्ट वर्षांची आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ती २००६ साली साठावरून पासष्टावर नेली. बेचाळिसाव्या वर्षी आरंभ करणारा माणूस परीक्षा, उड्डाणाचे तास, पुढचे प्रमाणपत्र आणि नोकरीची वाट पाहणे यांत चार वर्षे घालवील असे धरले, तरी त्याच्या हाती एकोणीस वर्षे उरतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली सरळसेवा भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी अडतीस आणि मागासवर्गीयांसाठी त्रेचाळीस केली, निवृत्तीचे वय मात्र बहुतेकांसाठी अठ्ठावन्नच राहिले. म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा तलाठी पंधरा वर्षे चाकरी करणार हे शासनाला चालते, आपल्यालाही चालते. त्याच्या घरी आपण पेढे खायला जातो. मग एकोणीस वर्षे विमान चालवू पाहणाऱ्याला ‘या वयात?’ असे विचारण्याचे कारण काय? उत्तर एवढेच की तलाठी आपल्या ओळखीचा आहे, वैमानिक नाही.

इंग्लंडातील ब्रूस डिकिन्सन हा रॉक संगीतातला नामांकित गायक चाळिशीच्या सुमारास विमान कंपनीत वैमानिक म्हणून रुजू झाला आणि पुढे मोठी प्रवासी विमाने चालवू लागला. त्याच्याजवळ पैसा होता, हे खरे. तो मुद्दा पुढे येईलच. आपल्याकडे याच्या उलट दिशेचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. इंडियन एअरलाइन्सच्या एका वैमानिकाने सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर वैमानिकी सोडून राजकारण धरले आणि १९८१ साली अमेठीतून लोकसभेवर निवडून आला. पंतप्रधान झाल्यावर २२ एप्रिल १९८८ रोजी तोच आमच्या विद्यार्थ्याच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी करून गेला. राजीव गांधींना कोणी ‘या वयात नवा धंदा?’ असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. घराण्याला वय नसते.

आता आक्षेपाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चाळिशीनंतर शिकणे संथ होते, ते आम्ही स्वतःवरून जाणतो. पन्नाशीनंतर संगणक शिकताना आमचे जे हाल झाले ते आमच्या सहायक धर्मगुरूने पाहिले आहेत. परवान्यासाठी किमान दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यात शंभर तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, तीनशे सागरी मैलांची एक लांब फेरी, रात्रीचे पाच तास, केवळ उपकरणांकडे पाहून केलेल्या उड्डाणाचे दहा तास. त्याआधी आणि त्याबरोबर हवामानशास्त्र, दिशादर्शन, विमान वाहतुकीचे नियम, विमानाचे तंत्र आणि रेडिओवरील संभाषण यांच्या परीक्षा. विशीतला मुलगा ज्या तासाला एकट्याने उडण्यास योग्य ठरतो, त्याहून चाळिशीच्या माणसाला बहुधा काही तास जास्त लागतात. लागोत बापडे! पण विमानाचा प्रत्येक तास पैशांत मोजला जातो. म्हणजे वय येथे आडवे येते ते पैशाच्या रूपाने. शरीराच्या रूपाने ते किती आडवे येते हे सांगायला वैद्यकीय तपासणी आहेच: आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. डोळे, कान, हृदयाचा आलेख, रंगांची ओळख सगळे पाहिले जाते, आणि ती तपासणी नोकरी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ज्याला ती उत्तीर्ण होता येते त्याला शेजाऱ्यांनी नापास करण्याचे कारण नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही त्या गृहस्थास जमीन विकण्याचा आशीर्वाद दिला. दिला नाही. आणि या लेखातील खरा वाद येथून सुरू होतो.

त्या गुळगुळीत पुस्तिकेकडे वळू. (ती काढणाऱ्या संस्थेचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही, अशा संस्था पुष्कळ आहेत आणि पुस्तिका सर्वांच्या सारख्याच.) पहिल्या पानावर निळे आकाश, सोनेरी पट्ट्यांचा गणवेश आणि ‘स्वप्नांना वय नसते’ हे वाक्य. दुसऱ्या पानावर देशात येत्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागणार असल्याचे केंद्रीय मंत्र्यांचे विधान. तिसऱ्या पानावर एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवल्याचा उल्लेख. यातले काहीच खोटे नाही. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, शुल्काचे हप्ते. खोटे तेथेही नाही. अपुरे मात्र सर्व पानांवर आहे.

अपुरे ते काय? परवाना म्हणजे नोकरी नव्हे, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. दोनशे तासांचा परवाना हाती आला म्हणजे माणूस लहान विमान चालवण्यास पात्र होतो. प्रवासी कंपनीचे एअरबस किंवा बोइंग चालवायचे तर त्या विशिष्ट विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचा खर्च पुन्हा काही लाखांत जातो. परवान्याचे पन्नास लाखांच्या आसपास, त्यावर हे पंधरा-वीस लाख, राहण्या-जेवण्याचे निराळे. त्यानंतर कंपनीने दार उघडायचे. न उघडले तर परवाना नुसता पेटीत ठेवून चालत नाही; उपकरणांवरील उड्डाणाचे प्रमाणन आणि वैद्यकीय दाखला मुदतीत नवे करीत राहावे लागते आणि ज्याची मिळकत थांबली आहे त्याने त्यासाठी पुन्हा पैसे भरायचे. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी, गो फर्स्टची ३ मे २०२३ रोजी. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात उतरले. त्यांच्या रांगेत दोनशे तासांच्या, बेचाळीस वर्षांच्या नवशिक्याने कोठे उभे राहायचे?

देशात २०२३ साली १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले. त्या वेळेपर्यंतचा तो उच्चांक होता. हा आकडा जाहिरातींत अभिमानाने येतो. त्यांपैकी किती जणांना, किती महिन्यांत नोकरी लागली, हा आकडा जाहिरातीत येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी २०२५ साली लावली, तेव्हा सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. हेही पुस्तिकेत येत नाही. पतसंस्थेतला माणूस कर्जदाराच्या कागदांतली चूक तत्काळ पकडतो; स्वतःच्या स्वप्नाच्या कागदांत ती त्याला दिसत नाही. त्यात त्याचा दोष फार नाही. ज्या व्यवहारात सर्व माहिती एका बाजूला आणि सर्व जोखीम दुसऱ्या बाजूला असते, त्याला आमच्या खेड्यांतून पूर्वी सावकारी म्हणत.

जोखीम ही दुसऱ्या बाजूला कशी गेली, तेही पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे फ्लाइंग क्लबांना शासनाचे अनुदान असे आणि उड्डाणाच्या तासाचा काही भार सार्वजनिक तिजोरी उचलत असे. नागपूरचा फ्लाइंग क्लब त्या काळातला. (याच नागपुरात १९४९ पासून चोवीस वर्षे रोज मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाची विमाने येऊन मिळत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. भंडाऱ्याकडील जुन्या माणसांना ती रात्रीची घरघर आठवत असेल.) १९८० च्या दशकात केंद्र शासनाने रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी काढली. त्यानंतर धोरण बदलत गेले. आज खाजगी कंपन्या ‘कॅडेट’ योजना काढतात. त्यांत शिकण्याचा सर्व खर्च उमेदवाराचा, निवडीचा अधिकार कंपनीचा, आणि वयोमर्यादा बहुधा तिशीच्या आसपास संपणारी. कायदा पासष्टपर्यंत उडू देतो, कंपनी तिशीच्या पुढच्याला दारात उभे करीत नाही. बेचाळीस वर्षांच्या माणसाने मग उघड्या बाजारात आपला पैसा लावायचा. वयाचा अडथळा कोणी घातला असेल तर तो येथे घातला गेला आहे, आणि आपण शेजारीपाजारी मात्र त्याचे खापर त्या माणसाच्या पांढऱ्या केसांवर फोडतो.

डिसेंबर २०२५ च्या आरंभी काय झाले ते वाचक विसरले नसतील. वैमानिकांना आठवड्याला छत्तीसऐवजी अठ्ठेचाळीस तास सलग विश्रांती देणारे आणि रात्रीच्या उड्डाणांवर बंधने आणणारे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. लग्ने चुकली, मुलाखती बुडाल्या, विमानतळांवर सामानाचे डोंगर साचले. नियम अचानक आले नव्हते. त्यांची पूर्वसूचना दीर्घकाळ होती. एका बाजूला परवाना घेऊन घरी बसलेले लोक, दुसऱ्या बाजूला वैमानिक कमी पडले म्हणून ठप्प झालेली विमाने. याचा अर्थ लावायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कंपन्यांना तयार माणूस हवा असतो; तो तयार करण्याचा खर्च मात्र कोणा आईच्या पाटल्यांतून, कोणा शेतकऱ्याच्या बांधीतून निघावा असे त्यांना वाटते.

कोणी म्हणेल, वैद्यकीचे शिक्षणही महाग आहे, त्याचे काय? महाग आहेच. परंतु वैद्य होऊन बाहेर पडलेला माणूस उपाशी राहत नाही. गावात एक खोली घेऊन तो नाडी पाहू शकतो. वैमानिकाला स्वतःचे विमान घेऊन अड्याळच्या बाजारात बसता येत नाही. त्याची विद्या पूर्णपणे दुसऱ्याच्या भांडवलावर अवलंबून आहे, म्हणून त्या भांडवलानेच तिचा खर्च उचलला पाहिजे. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने करावा आणि पगारातून हप्त्यांनी वळता करून घ्यावा. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने किती जण दाखल झाले, किती जणांनी परवाना मिळवला, किती महिने लागले आणि किती जणांना नोकरी लागली, हे दर वर्षी जाहीर करणे तिच्यावर बंधनकारक असावे. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्गातील तरुणांना वैमानिक प्रशिक्षण देण्याची योजना राबवली. ती स्तुत्य आहे, पण जागा थोड्या आणि दार तरुणांपुरतेच. शासन स्वतःच्या कचेरीत त्रेचाळीस वर्षांचा माणूस घेते, मग शिष्यवृत्तीत का घेत नाही?

हे सर्व भंडारा-गोंदियात अधिकच बोचते, कारण येथील माणसाच्या डोक्यावरचे आकाश हीच एक शाळा आहे. गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी आहे. गोंदिया तेव्हा, आणि १ मे १९९९ पर्यंत, भंडारा जिल्ह्यातच होते. याच भागातून लोकसभेवर निवडून गेलेले श्री. प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात नागरी विमान वाहतूक मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत तेथे विमानतळाचा विस्तार झाला आणि विमानतळ प्राधिकरण व कॅनडातील सीएई कंपनी यांच्या भागीदारीत राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशभरातील मुलेमुली तेथे शिकायला येतात. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोची हैदराबादकडे जाणारी प्रवासी सेवाही सुरू झाली. या साऱ्याचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. पण आमचा विद्यार्थी वसुलीच्या कामासाठी गोंदियाकडे जात असे, तेव्हा कामठ्याच्या रस्त्यावर दुचाकी थांबवून तो ज्या विमानांकडे बघत राही, त्यांत आपल्या तालुक्यातला एक तरी मुलगा असेल का, असे त्याने आम्हाला विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. विमानतळासाठी ज्यांची घरेदारे गेली त्या बिरसीच्या कुटुंबांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले. जमीन येथली, आवाज येथल्यांच्या कानी, आणि परवाने ज्यांना परवडतात त्यांचे. संस्थेने प्रत्येक तुकडीत दोन जागा या दोन जिल्ह्यांतील उमेदवारांना, वयाची अट न घालता, अल्प शुल्कात द्याव्यात, ही मागणी फार मोठी आहे असे आम्हाला वाटत नाही.

आकाशाची ही शाळा निर्धोकही नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी तरुणी दोघांचाही अंत झाला. अड्याळला गेलो तेव्हा आमच्या विद्यार्थ्याच्या वृद्ध मातेने हीच गोष्ट काढली. ओट्यावर लाखोळीची डाळ पाखडत ती म्हणाली, “जमीन इकून इमान उडवाचं म्हन्ते हा. पडला त कोनाच्या बांदीत पडन, फादर? आपली त इकलीच राहीन.” हसावे की गप्प बसावे ते आम्हाला कळेना. सगळ्या पुस्तिकांत न सापडलेली गोष्ट तिने सुपासकट समोर ठेवली होती. मुलाने उडू नये असे ती म्हणाली नाही. पडायची वेळ आली तर पाय टेकायला आपली जमीन उरलेली नसेल, एवढेच तिचे म्हणणे होते.

पत्नीने तर त्याहून नेमका प्रश्न विचारला. ती अंगणवाडीत काम करते, बोलते थोडे. “शिकायला गेले की इकडचा पगार बंद. लेकीचं बारावीनंतर काय?” दोन वर्षांचे बंद पडलेले वेतन हा खर्च कोणत्याही पुस्तिकेत धरलेला नसतो. विशीतल्या मुलाला तो नसतोच. चाळिशीतल्या माणसाचा सर्वांत मोठा खर्च तोच असतो.

येथे आम्ही आमच्याविषयीही एक गोष्ट कबूल करतो. आमच्यासारख्याने जोखमीवर व्याख्यान देणे फार सोपे आहे. आम्हाला ना बांधी, ना लेकरे. म्हातारपणी धर्मप्रांत आमची सोय पाहील. आमची बदली होते, आमची जमीन जात नाही. ‘स्वप्नांचा पाठलाग कर’ म्हणणे आणि ‘या वयात?’ म्हणणे ही दोन्ही वाक्ये आमच्या तोंडी सारखीच फुकटची आहेत. म्हणून आम्ही आशीर्वाद मागणाऱ्याला आशीर्वाद न देता कागद-पेन्सिल दिली आणि त्याच्या शेजारी बसून बेरजा केल्या.

आमचे वसईकडील वाचक या ठिकाणी म्हणतील की हा विदर्भातला प्रश्न, आमचा काय संबंध? संबंध आहे. वसईतही विमानांकडे डोळे लावून बसलेली घरे थोडी नाहीत. आणि जोखीम एकट्याच्या अंगावर पडू न देण्याची विद्या वसईकरांइतकी महाराष्ट्रात थोड्यांनी जाणली आहे. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतसंस्था निघाली तेव्हा वाडीवाल्यांकडे पैसा होता म्हणून ती निघाली नाही. एकेकट्याची वाडी सावकाराच्या घशात जात होती म्हणून ती निघाली. आज तिची मोठी बँक झाली आहे. वाडी तारण ठेवून पोराला परदेशी पाठवणारे आणि पोर परत आल्यावर वाडी सोडवू न शकलेले बाप आम्ही पाहिले आहेत. महागड्या शिक्षणासाठी परतफेड मिळकतीशी बांधलेली असावी, मिळकत नसेल तोवर हप्ता थांबावा, अशी तरतूद आपल्या सहकारी संस्थांनी निदान चर्चेला तरी घ्यावी. मंचावरून ‘तरुणांनो, झेप घ्या’ अशी भाषणे करणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना, आणि धर्मगुरूंनाही, आम्ही नम्रपणे विचारतो: झेप घेणाऱ्याच्या खाली जाळे कोण धरणार?

लोरेटोची माता ही वैमानिकांची आश्रयदात्री, असे पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली घोषित केले. दंतकथा अशी की नाझरेथचे तिचे घर देवदूतांनी आकाशमार्गे इटलीत आणून ठेवले. उडाले ते घर! आमच्या अड्याळच्या मित्राला ही कथा सांगितली तेव्हा तो म्हणाला, “फादर, माझं घर जागेवर राहून मी उडालो तर चालणार नाही का?”

बेरजा झाल्यावर जे ठरले ते सांगून थांबतो. जमीन विकायची नाही. पहिले पाऊल सर्वांत स्वस्त असेल ते: दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, ती झाल्याखेरीज कोणाला एक रुपयाही द्यायचा नाही. ती त्याने नागपुरात करून घेतली आणि उत्तीर्ण झाला. डॉक्टरांनी चश्म्याचा नंबर तेवढा बदलून दिला. दुसरी अडचण अशी निघाली की तो वाणिज्य शाखेचा. परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, हा नियम आजवर चालत आला आहे. ते विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात. तेव्हा त्याने त्या दोन विषयांचा अर्ज भरला आहे. रंगीत पुस्तिकावाल्यांचा दर आठवड्याला दूरध्वनी येतो, ‘जागा थोड्याच उरल्या आहेत’ म्हणून. त्याने त्यांना नोकरी लागलेल्यांची यादी मागितली. ती अद्याप आलेली नाही.

तोवर रात्री पतसंस्थेतून आल्यावर जेवणे उरकली की बाप आणि लेक एकाच दिव्याखाली बसतात. भौतिकशास्त्र ती त्याला शिकवते. मागच्या आठवड्यात तिचा आम्हाला निरोप आला: बाबांना सदिश राशी अजून समजत नाहीत, पण वाऱ्याचे गणित त्यांना माझ्याआधी सुटले.